गिरणी बंद होती तो आठवडा

ता. ९ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. कामात होतो असे लिहिणार होतो, पण तुमच्या सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या आहेत आणि लिहून झाले की वाचायला मागणार आहेत, म्हणून खरे तेच लिहितो. उत्तर द्यावेसे वाटत नव्हते.

फोन करत नाही, कारण फोनवर माझे डोके तापते आणि तुम्ही थंडपणे "बरं, बाबा" म्हणता. ते "बरं" मला शिवीपेक्षा जास्त लागते. त्यापेक्षा पत्र बरे. पत्र मध्येच खाली ठेवता येत नाही. म्हणजे येते, पण मला ते दिसत नाही. माझी शाळा सातवीत सुटली, अक्षर वाकडे आहे, तेवढे सांभाळून घ्या.

तुम्ही विचारता, सेन्सर बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात गिरणी पूर्ण बंद होती ना. होती. बंद म्हणजे बंद. सासऱ्याला असे प्रश्न लेखी विचारायचे असतात हे तुम्हाला कोणत्या कॉलेजात शिकवले ते कळवा.

मला सगळे आठवते. तुम्ही माझ्या गिरणीत उभे राहून, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, खांबावर हात ठेवून भाषण केलेत. "बाबा, सिमेंटच्या आत लोखंडी सळया असतात. पाणी मुरलं की त्या गंजतात, गंजल्या की फुगतात आणि सिमेंट आतून फाटायला लागतं. बाहेर भेग दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पण फाटताना बारीक आवाज होतो, खांबाची थरथर बदलते. आपल्याला कळत नाही, ह्यांना कळतं." आणि बाटलीच्या झाकणाएवढ्या त्या चकत्या खिशातून काढून दाखवल्यात. एक बाई डबा कडेवर घेऊन उभ्या होत्या, त्यांनी विचारले, "म्हणजे खांब बोलतो?" तुम्ही म्हणालात, "बोलतो, मावशी. आपण ऐकत नाही." सगळे खूश. माझी गिऱ्हाइके तुमच्यावर खूश, आणि मी पिठाने पांढरा होऊन बाजूला उभा.

मग खांबाखांबाला चकत्या चिकटवल्यात, वायरी ओढल्यात, जिन्याखाली पेटी लावलीत आणि मला दिवे समजावलेत, पोराला सिग्नल समजावतात तसे. "पिवळा म्हणजे शिकतेय. बिल्डिंग निवांत असताना सकाळी कशी असते, दुपारी कशी, संध्याकाळी कशी, हे ती आठवडाभर शिकेल. तेवढे दिवस गिरणी बंद हवी, नाहीतर गिरणीची थरथर तिला बिल्डिंगचीच वाटेल. शिकून झालं की हिरवा. मग त्यात काही वेगळं वाटलं की लाल, आणि भोंगा."

आठवडाभर! चौकापलीकडे नवी गिरणी निघाली आहे, काचेच्या दाराची. तिथला माणूस गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची देतो. एकदा डबा तिकडे गेला की परत येत नाही. हे तुम्हाला सांगितले तर तुम्ही म्हणालात, "बाबा, नाहीतरी आता किती दिवस चालवणार?" ते वाक्य मी विसरलेलो नाही. तुमचा डाव मला तेव्हाच कळला. आधी बिल्डिंगला आजारी ठरवायचे, मग गिरणीला कुलूप, आणि मग आम्हा दोघांना सामानासारखे उचलून तुमच्या शहरातल्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवायचे. मुलगी नेलीत तेवढी पुरे.

असो. गिरणी बंद होती.

तुमच्या पेटीबद्दल मात्र तक्रार आहे. तिच्या पाठीला बारीक जाळी आहे, तीत पीठ जाऊन बसते. पहिल्याच आठवड्यात ती मला सारखी फडक्याने पुसावी लागली. एवढी महागडी वस्तू करता, तर झाकण तरी धड करा.

(एवढे वाचून तुमच्या सासूबाई हसल्या. का हसल्या ते सांगत नाहीत.)

सध्या दिवा हिरवा आहे. मुलीला म्हणावे, आईशी फोनवर बोलतेस तेव्हा बाप शेजारीच बसलेला असतो.

तुमचा सासरा


ता. २ मार्च

जावईबापू,

अभिनंदन. तुमची पेटी बोलली.

आमचे सेक्रेटरी, ज्यांना बिल्डिंगमध्ये सगळे ठरावसाहेब म्हणतात, कारण ते शिंकले तरी त्याचा ठराव करतात, ते गेल्या आठवड्यात गिरणीत आले. म्हणाले, "तुमच्या घरघरीनं आमच्या कपाटातल्या कपबश्या नाचतात."

मी म्हटले, "मग तिकीट लावा."

ते म्हणाले, "ही गिरणी नसती तर बिल्डिंग किती शांत असती!"

माझे टाळके फिरले. दुसऱ्या दिवशी गिरणी उघडलीच नाही. म्हटले, घ्या शांतता. एक दिवस पीठ मिळाले नाही की कळेल कोणाच्या जिवावर शांत जेवता ते. वर घरात जाऊन पेपर वाचत बसलो.

रोज मी ज्या सुमाराला मोटर सुरू करतो, त्या सुमाराला तुमचा भोंगा सुरू झाला. लाल दिवा. मग काय विचारता! ठरावसाहेब एका गालाला साबण लावलेले तसेच खाली. कोणी भांडी घेऊन, कोणी टीव्ही उचलून, आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा फक्त छत्री घेऊन. दुसऱ्या मजल्यावरची शिवणबाई जिन्यात गर्दीत ढकलली गेली आणि शेवटच्या पायऱ्यांवरून हातावर पडली. उजवे मनगट मोडले. कपडे शिवून जगणारी एकटी बाई, आता हात गळ्यात अडकवून बसली आहे.

बंबवाले आले, त्यांचा माणूस बॅटरी घेऊन फिरला, पुढचे खांब ठोकले. "वरवर तरी काही दिसत नाही," म्हणाला. आम्ही दुपारपर्यंत रस्त्यावर उन्हात उभे. लोक तुमच्या नावाने काय बोलले ते लिहीत नाही, तुमच्या सासूबाई वाचतात. शेवटी ठरावसाहेबांनी जिन्याखाली जाऊन पेटीची वायर उपटली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

अंगणातच सभा झाली. पेटीने खोटी आवई उठवून रहिवाशांना इजा केली, अशी तक्रार तुमच्या कंपनीकडे करायचे ठरले. पहिली सही माझी आहे. ठळक केली आहे. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिले की सासरा असून हा माणूस सत्याच्या बाजूला उभा राहिला. त्याच कागदाच्या खाली ठरावसाहेबांनी आणखी एक कलम घातले होते, की सरकारी इंजिनिअर येऊन पाहीपर्यंत गिरणी बंद. ते मी सही झाल्यावर वाचले.

म्हणून गिरणी बंद आहे. यात तुमचाच हात आहे असे मी धरून चाललो आहे.

तुमच्या सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. ताट समोर ठेवतात आणि आवाज ताटाचाच येतो.

तुमचा सासरा


ता. ६ मार्च

जावईबापू,

मुलीचा फोन आला होता. आईने तो स्पीकरवर लावला, मुद्दाम. तुम्हाला कंपनीने घरी बसवले आहे असे समजले. वाईट वाटले असे लिहिणे रीतीला धरून होईल, म्हणून लिहितो.

तुम्ही तिच्या तोंडून विचारलेत, भोंगा झाला त्या दिवशी गिरणी चालू होती की बंद. बंद होती, लिहिले ना. एक दिवस बंद ठेवली म्हणून पेटी बोंबलते? तिला माझ्या गिरणीचे काय पडले आहे? गिरणी नसतानाच तिला शिकवले होते ना तुम्ही? मग गिरणी नसली म्हणून तिने घाबरायचे कारण काय?

हे लिहिताना मी जरा थांबलो होतो.

उत्तर मागत नाही. विषय संपला.

सासरा


ता. १५ मार्च

जावईबापू,

हे पत्र पूर्ण वाचा. मध्ये एक परिच्छेद चौकटीत घातला आहे, तेवढा कापून तुमच्या साहेबांना द्या. बाकीचे देऊ नका.

गिरणी बंद असल्यापासून मी तिथे जाऊन झाडतो. काम नसले की माणूस झाडतो. दगडांना टाकी लावून ते खरखरीत करून झाले, पट्टा उतरवून ठेवला, पिठाच्या कापडी पिशव्या धुऊन झाल्या. मागच्या खांबाच्या पायाशी पीठ होते, तेही झाडले. ते तिथे नेहमीच असते. दुसऱ्या दिवशी गेलो तर पुन्हा होते. वाटले, झाडताना राहिले. नीट झाडले, ओल्या फडक्याने पुसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी झाडू धरून उभाच राहिलो. दळण नाही, मग पीठ कुठले?

चिमटीत घेतले. पीठ बोटांत मुरते, अंगाला धरते. हे धरेना. कचकचले. जिभेला लावले तर चुना.

तुमच्या सासूबाईंना खाली बोलावले. आमचे बोलणे बंदच होते, तरी आल्या.

"हे काय आहे सांग."

"मला काय विचारता? गिरणीवाले तुम्ही."

"घे तर हातात."

त्यांनी घेतले, चोळले आणि माझ्याकडे पाहिले. "अहो, हे दाण्याचं नाही."

मग मी खांबावर बोट ठोकत खाली आलो. डबा भरलेला आहे की रिकामा हे मी आयुष्यभर ठोकून ओळखत आलो. वर भरलेला आवाज. कमरेखाली रिकामा. मागच्या अंगाला तपकिरी ओघळ आहे, तो इतकी वर्षे मी मोटरच्या तेलाचा समजत होतो. हात लावला तर तेलकट नव्हता. गंज हाताला आला.

आम्ही दोघे डब्यांवर बसलो. लग्न झाल्यापासून तुमच्या सासूबाई माझ्याबरोबर गिरणीत अशा बसल्या नव्हत्या, आणि मोटर गप्प असताना दिवसाढवळ्या मी तिथे कधी बसलो नव्हतो. थोड्या वेळाने आवाज आला. टक. कोरडा दाणा दाताखाली फुटावा तसा.

"उंदीर असेल," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा टक.

"उंदीर सिमेंट खात नाही," मी म्हटले.

तसाच ठरावसाहेबांकडे गेलो. चिमूटभर भुकटी कागदाच्या पुडीत नेली. त्यांनी चष्मा लावून पाहिली. "आता ह्या भुकटीवर ठराव करू का? आधी तुमच्या जावयानं पळवलं, आता तुम्ही पळवताय. दोघांनी मिळून ही बिल्डिंग रिकामी करायचा मक्ता घेतलाय का?"

मी म्हटले, "साहेब, जावई आणि मी मिळून एक कप चहासुद्धा कधी घेतलेला नाही."

"सरकारी इंजिनिअर पुढच्या महिन्यात येणार आहे. त्याला दाखवा." आणि दार लावले. त्यांचा दोष नाही. पेटी खोटी आहे असे सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो होतो.

तो खांब सरळ वर जातो तो शिवणबाईच्या खोलीच्या कोपऱ्यात. तिचे मशीन त्याच कोपऱ्याला लागून आहे. तिच्याकडे गेलो आणि म्हटले, "बाई, मशीन ह्या कोपऱ्यातून हलवा आणि झोपायला पुढच्या खोलीत जा." ती हसली. "बाबा, ठरावसाहेब म्हणतात हात पेटीनं मोडला. तुम्ही म्हणता जावयानं मोडला. मी म्हणते जिन्यानं मोडला. आता मशीनपण मोडणार का?" मग माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मशीनवरचे कपडे उचलायला लागली. मशीन मी आणि तुमच्या सासूबाईंनी ओढले. ती डाव्या हाताने जमेल तसे ढकलत होती. ओढताना मशीनचा एक पाय फरशीच्या फटीत अडकला. ती फट आधी नव्हती, असे ती म्हणाली.

खाली येऊन तुम्हाला फोन केला. उचलला नाहीत. मुलीला केला, तिने उचलला आणि म्हणाली, "आईला द्या." मी म्हटले, "आधी माझं ऐक." ऐकले. सगळे सांगितले. मग म्हणाली, "बाबा, यायला ते आत्ताही तयार आहेत. पण त्यांच्या हातात काही नाही. यंत्र, माणसं सगळं कंपनीचं. आणि कंपनी म्हणते, पेटी का चुकली ते कळल्याशिवाय त्या बिल्डिंगला हात लावायचा नाही. त्यांना ठाऊक आहे का चुकली ते. पण तुमच्या हातचं लेखी हवंय. त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं तेव्हाच हवं होतं."

"त्याला ठाऊक होतं तर त्यानं कंपनीला सांगितलं का नाही?"

"सासरा खोटं बोलला असं त्यांनी सांगायचं? पुराव्याशिवाय?" आणि फोन ठेवला.

म्हणजे तुम्ही माझी अब्रू राखून घरी बसलात. हे मी तुम्हाला सांगितले होते का करायला? मला न विचारता माझ्यावर उपकार करायचा तुम्हाला काय अधिकार? मला तुमचा राग येत होता तोच बरा होता, तो तरी स्वच्छ होता. आता त्यात हे कालवून ठेवलेत.

तर घ्या लेखी.

*सेन्सर बसवल्यानंतर पहिला आठवडा गिरणी बंद ठेवायची होती. ती मी बंद ठेवली नाही. दार लोटून घेऊन, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी चालवली. गिऱ्हाईक फुटेल म्हणून चालवली. त्यामुळे पेटी गिरणीची थरथर बिल्डिंगची म्हणून शिकली. भोंगा झाला त्या दिवशी गिरणी बंद होती. पेटीला जे शिकवले त्यापेक्षा वेगळे दिसले, म्हणून ती ओरडली. जावई खरे विचारत होते, मी खोटे लिहिले. हे मी शुद्धीवर असताना लिहिले आहे. गिरणीवाला.*

हाच मजकूर ठरावसाहेबांच्या दाराखालून सरकवला आहे. मघाशी ते खाली आले होते, खांबावर बोट ठोकून पाहिले आणि सगळ्या मागच्या खोल्या रिकाम्या करायला सांगायला वर गेले. त्यांच्या कपबश्याही मागच्याच खोलीत आहेत. पण लोक हसत आहेत. निम्म्यांनी सांगितले, "बाबा, एकदा पळालो तेवढं पुरे."

एक मला ठरवता येत नाही. त्या दिवशीचा लाल दिवा माझ्या गिरणीचा होता, का थोडा त्या खांबाचाही होता? तुम्हाला येत असेल ठरवता. आले तर सांगा. वाईट असले तरी सांगा, "बरं, बाबा" म्हणू नका.

आता मुख्य गोष्ट. दुपारी मला राहवले नाही, मी जिन्याखाली जाऊन पेटीची वायर पुन्हा लावली. वाटले, निदान ओरडेल तरी, माझे नाही तर तिचे तरी लोक ऐकतील. ती ओरडली नाही. पिवळा दिवा लागला. वायर उपटल्यामुळे मागचे सगळे विसरली असावी. पुन्हा पहिल्यापासून शिकते आहे.

मी समोर स्टूल टाकून बसलो आहे. कोणाला जिन्यात जोरात चालू देत नाही, दार आपटू देत नाही. गिरणी बंद आहे. या वेळी खरोखर बंद आहे, पट्टा माझ्या मांडीवर आहे, तुमच्या सासूबाईंना विचारा. आणि बसल्या बसल्या माझ्या लक्षात आले की ती शिकते आहे ते काय. खांबातला तो टक. ती भुकटी. तिला निरोगी बिल्डिंग कशी असते ते ठाऊकच नाही. तिला वाटेल, ही बिल्डिंग अशीच असते. आठवडाभर ते ऐकेल आणि मग समाधानाने हिरवा दिवा लावेल. आणि एकदा हिरवा लागला की ह्या बिल्डिंगमधल्या एकालाही मी जिन्यावरून खाली उतरवू शकणार नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला मी लोकांना कधी शिकवलेलेच नाही.

वायर पुन्हा काढू का? काढली तर काही बिघडेल का? लावून ठेवू का? मला काही समजत नाही आणि विचारायला तुमच्याशिवाय माणूस नाही, ही माझी शिक्षा पुरेशी आहे, आणखी देऊ नका.

मुलीला बरोबर आणायची गरज नाही. आणलीत तर हरकत नाही.

फोन आता तुम्ही दोघेही उचलत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच्या आत्ता जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो आहे. येता येत नसेल तर कोणाकडूनही दोन शब्द कळवा, वायर ठेवू की काढू एवढे तरी. पिवळ्याचा हिरवा व्हायच्या आत कळवा.

तुमचा सासरा